प्रयोज्याची शिक्षा

मंगलाबाई मुळ्ये यांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, मुख्य विषय म्हणून मानसशास्त्र घेतलं, आणि त्या दिवसापासून श्रीधरपंतांना स्वतःच्या घरात साधी जांभई देण्याची सोय राहिली नाही.

पूर्वी दूध उतू गेलं की ते फक्त उतू जायचं. आता श्रीधरपंत ओट्यापाशी उभे राहून म्हणाले, "हल्ली पिशवीतलं दूधच काही धड येत नाही," तर आतल्या खोलीतून आवाज यायचा, "युक्तिकरण!" पहिल्यांदा त्यांना वाटलं बायको फडकं मागते आहे. मग कळलं की आपली चूक झाकायला माणूस जे सभ्य कारण शोधतो, त्याला त्या पुस्तकात असं नाव आहे. शेजारचा अर्णव फार तापट आहे असं ते म्हणाले, तर ते प्रक्षेपण, म्हणजे आपला दोष दुसऱ्यात पाहणं. औषधाची गोळी घ्यायची राहिली, तर ते दमन, म्हणजे नकोसं ते मनाआड ढकलणं. कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि पंत सवयीने ताट घेऊन टेबलाशी बसले, तेव्हा मंगलाबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे असं पाहिलं की पंतांनी ताट खाली ठेवलं.

"प्राचीन अनुबंधन," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

मग मंगलाबाईंनी त्यांना घंटा वाजली की लाळ गाळणाऱ्या कुत्र्याची हकिगत सांगितली. त्या दिवशी श्रीधरपंतांनी मागचा भात घेतला नाही.

तसे ते गरीब स्वभावाचे गृहस्थ. पाटबंधारे खात्यात आवक-जावक शाखेत पस्तीस वर्षं काढली. आलेला कागद आवक रजिस्टरात चढवायचा, जाणारा कागद जावक रजिस्टरात, बस. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावरून एक चिठोरं हरवलं नाही, हे ते उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या त्यांच्या कॉलनीत भेटेल त्याला सांगत. ते खरंही होतं. फक्त एक कागद होता, जो त्यांच्या हातात आला आणि बाहेर कधी गेलाच नाही, आणि त्याची गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती.

तो कागद म्हणजे मंगलाबाईंचा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म. साल त्र्याण्णव. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. देवासला माहेरी दोन वर्षं पास होऊन आलेली बायको तिसरं वर्ष उज्जैनहून प्रायव्हेट देणार होती. तिने फॉर्म भरून, फोटो डकवून नवऱ्याच्या हातात दिला, कारण जमा करायची खिडकी त्याच्या ऑफिसच्या वाटेवर होती. पंतांनी तो स्कूटरच्या डिक्कीत ठेवला. महिन्याभराने घरी येऊन म्हणाले, "तारीख निघून गेली गं. रांगच एवढी होती की रोज खिडकी बंद व्हायची." मंगला "बरं" म्हणाली आणि आमटीला फोडणी घालायला आत गेली. पुढे पुस्तकंही रद्दीत गेली.

फॉर्म फाडून टाकण्याची पंतांची छाती झाली नाही. आवक-जावकचा माणूस कागद फाडत नाही. तो डिक्कीतच राहिला, आणि दसऱ्याला स्कूटर धुऊन पूजा झाल्यावर पाहिलं तर तिथे नव्हता. जुन्या फडक्यांबरोबर गेला असेल असं समजून पंतांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तो सगळा बाहेर आलाच नाही. अर्धा आत राहिला तो राहिलाच.

त्याच सुमारास घरातली गुळाची पोळीही बंद झाली होती, पण या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मंगलाने अशा गुळपोळ्या केल्या होत्या की पंत तुपाचं भांडं मांडीशी घेऊन बसले होते. दुसऱ्या संक्रांतीला ती म्हणाली, "इथल्या गुळाची पोळी फुटते." तिसऱ्या वर्षी पंतांनी कोल्हापूरहून गूळ मागवला. फुटते. मग कराडचा, मग सांगलीचा, एकदा तर नात्यातल्या एका वऱ्हाडाबरोबर गुळाची अख्खी ढेप बसच्या टपावरून आणली. "नाही हो, हाही फुटतो." शेवटी दर संक्रांतीला फ्रीगंजच्या बाजारातून तिळाच्या वड्या आणायच्या, हे ठरून गेलं.

तर आता बी. ए. जुनी दोन वर्षं कोणी धरेना, म्हणून मंगलाबाई पुन्हा पहिल्या वर्षापासून बसल्या. लेखी पेपर झाले. प्रात्यक्षिक लांबत लांबत जानेवारीवर आलं. आणि एका सकाळी चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, मला एक प्रयोज्य लागेल."

"कोणत्या दुकानात मिळतं?"

"दुकानात नाही मिळत. माणूस असतो तो. प्रॅक्टिकलला प्रत्येकीने आपापला प्रयोज्य न्यायचा असतो. त्याच्यावर प्रयोग करायचा."

"मग विचारतेस काय? वर्षभर दुसरं काय चाललंय?"

पाच प्रयोग होते, त्यांतला एक चिठ्ठी उचलून करायचा. घरी रोज दुपारी तयारी सुरू झाली. आरशात बघून चांदणी गिरवणं पंतांना बरं जमलं. आकडे ऐकून उलटे म्हणण्यात तर ते निहारिकेच्या आत्यापेक्षा सरस निघाले. निहारिका म्हणजे मंगलाबाईंची एकोणीस वर्षांची वर्गमैत्रीण, जी त्यांना आंटी म्हणायची आणि त्यांच्याच वह्या उतरवायची; तिचा प्रयोज्य म्हणजे तिची आत्या. चौथ्या दिवशी मंगलाबाईंनी पाचवा प्रयोग काढला.

"हा शब्द साहचर्याचा. मी एक शब्द म्हणणार, तुमच्या मनात पहिला येईल तो शब्द तुम्ही पटकन बोलायचा. मी घड्याळ लावून बसणार. वेळ लागला की समजायचं, तिथे आत काहीतरी दडवलेलं आहे."

श्रीधरपंतांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आणि समजा प्रयोज्याने मुद्दाम दुसरंच काही सांगितलं तर?"

"तर प्रयोग बेकार. माझे नंबर कटतील. प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं, नाहीतर वर्ष गेलं." मंगलाबाईंनी घड्याळाला किल्ली दिल्यासारखा अंगठा फिरवला. "या वेळी वर्ष जायला नको बरं का."

या वेळी, असं त्या म्हणाल्या. पंतांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला: चिठ्ठीत काहीही निघो, पाचवा प्रयोग निघू नये. खोटं बोलावं तर बायकोचं वर्ष दुसऱ्यांदा त्यांच्यामुळे बुडणार, आणि खरं बोलावं तर काय होईल याचा विचार त्यांनी बत्तीस वर्षं टाळला होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक डॉ. शैलेंद्र व्यास लांबलचक टेबलाशी बसले होते. वर्गभर जोड्या. कोणी आई आणली होती, कोणी मामा. निहारिकेची आत्या आरशातल्या चांदणीवर पेन्सिल फिरवताना मोठ्याने रामनाम घेत होती. मंगलाबाईंनी पदर खोचला, डब्यातून चिठ्ठी उचलली, उघडली आणि आनंदाने पंतांकडे पाहिलं.

"पाचवा! माझा एकदम पाठ आहे हा."

पंतांना घाम फुटला. जानेवारीत.

प्रयोगाच्या कागदावर वर प्रयोज्याची माहिती भरायची होती. नाम, आयु, शिक्षा, मनोदशा. मंगलाबाई भराभर लिहीत गेल्या आणि तिसऱ्या रकान्यापाशी थांबल्या. पंतांचं शिक्षण अकरावी, आणि भोवती सगळी कॉलेजची पोरं.

"इथे काय लिहू?"

"ते नंतर मी लिहितो," पंत पुटपुटले. मनोदशेपुढे मंगलाबाईंनी 'सामान्य' लिहिलं. ते साफ चूक होतं.

शब्दांची यादी हिंदीत, छापील. घड्याळ सुरू झालं.

"पानी."

"नळ."

"रेल."

"लेट."

"पड़ोसी."

"गाडी." अर्णव आपली गाडी यांच्या फाटकापुढे लावत असे.

"डर."

"मंगला."

डॉ. व्यास टेबलांमधून फिरत होते, ते खोकले. मंगलाबाईंनी न हसता टिपून घेतलं, कारण प्रयोगकर्त्याने हसायचं नसतं.

"शिक्षा."

आता खरं तर पंतांसारख्या माणसाने इथे अडखळायचं काही कारण नव्हतं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे उज्जैनच्या मराठी माणसाला पाळण्यात कळतं. शिक्षा विभागाची हजारो पाकिटं त्यांनी आपल्या हाताने आवकमध्ये चढवली होती. पण ती छापलेली पाकिटं होती. हा आवाज मंगलाचा होता, आणि मंगलाचा आवाज त्यांच्या कानात नेहमी मराठीच शिरायचा. तिने 'शिक्षा' म्हटलं आणि पंतांना ऐकू आलं ते मराठीतलं, गुन्ह्यानंतरचं. पाठोपाठ हिंदीतलंही आलं, बायकोचं, अर्धवट राहिलेलं. दोन्ही एकदम छातीवर येऊन बसली. तोंड उघडं राहिलं. घड्याळाची टिकटिक चालू होती. 'शाळा' म्हण, 'पुस्तक' म्हण, काहीही म्हण, असं ते स्वतःला सांगत होते.

"डिक्की," ते म्हणाले.

अकरा सेकंद. मंगलाबाईंची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी शांतपणे लिहिलं, 'डिक्की', आणि पुढचे शब्द वाचले. 'मीठा' या शब्दावर पंत 'गुळपोळी' म्हणाले आणि 'माफी' या शब्दावर काहीच बोलले नाहीत.

"अब प्रयोज्य अपनी अंतर्निरीक्षण रिपोर्ट लिखेंगे," डॉ. व्यास पंतांच्या पुढ्यात कोरा कागद ठेवत म्हणाले. "जहाँ देर लगी, वहाँ मन में क्या चल रहा था. खुलकर लिखिए, बाबूजी. इसके भी नंबर हैं."

पंतांनी पेन उघडलं. आयुष्यात त्यांना एकाच पद्धतीने लिहिता यायचं, तसंच त्यांनी लिहिलं, मराठीत.

'विषय: सन १९९३चा परीक्षा फॉर्म जावक न झाल्याबाबत. उपरोक्त विषयी सविनय सादर की, सदर फॉर्म तारखेआधी अकरा दिवस माझ्या ताब्यात होता. तो विसरला गेला नव्हता. खिडकीवर रांगही नव्हती. मी रोज खिडकीपर्यंत जात होतो आणि परत येत होतो. ऑफिसात सगळे म्हणत होते की मुळ्येची बायको बी. ए. आणि मुळ्ये अकरावी, आता घरात मेमसाबचं राज्य. मला भीती वाटली की तू पास झाल्यावर मी तुला लहान दिसेन. म्हणून फॉर्म डिक्कीत राहिला. याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे. तेव्हापासून एक दिवस असा नाही की मला लाज वाटली नाही. माहितीस्तव सादर.'

खाली सही, तारीख. मग त्यांनी वरचा रिकामा रकाना पाहिला आणि 'शिक्षा' या शब्दापुढे भरून टाकलं: 'बत्तीस वर्षं. चालू आहे.'

मंगलाबाईंनी कागद वाचला. पुन्हा वरपासून वाचला. शेजारी आत्याबाईंची चांदणी पूर्ण झाल्याने टाळ्या वाजत होत्या. मंगलाबाईंच्या हातातलं घड्याळ बंद करायचं राहिलं होतं.

"रांग नव्हती?" त्यांनी हळूच विचारलं.

"नव्हती."

"एकही माणूस नाही?"

"एक होता. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही."

मंगलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने पुसले आणि सगळे कागद उचलून परीक्षकांपुढे जाऊन बसल्या. तोंडी परीक्षेलाही प्रयोज्य शेजारी लागतो, म्हणून पंत मान खाली घालून मागोमाग गेले.

डॉ. व्यासांना मराठी येत नव्हतं, पण लिपी एकच असल्याने ते अडखळत वाचू लागले आणि वरच्या रकान्यावरच थबकले. "शिक्षा, बत्तीस वर्ष, चालू है! वाह बाबूजी, इस उमर में भी पढ़ाई!"

"सर," मंगलाबाई म्हणाल्या, "मराठी में शिक्षा मतलब दण्ड."

डॉ. व्यासांनी पंतांकडे पाहिलं, मंगलाबाईंकडे पाहिलं आणि चष्मा काढून पोट धरून हसले. मग म्हणाले, "अच्छा मैडम, दण्ड की बात निकली ही है, तो बताइए. दण्ड असरदार कब होता है?"

हा प्रश्न मंगलाबाईंना वर्षभर चकवत आला होता. तीनदा पाठ केला, तीनदा विसरल्या. आज त्यांनी एक क्षणही घेतला नाही.

"सर, गलती के तुरंत बाद मिले तब. और जिसको मिल रहा है, उसको पता हो कि किस बात का मिल रहा है."

"उदाहरण?"

"उदाहरण मेरा ही है, सर. मेरे पति ने मेरा फॉर्म नहीं भरा और झूठ बोले. दशहरे पे गाड़ी की डिक्की में वो फॉर्म मेरे हाथ लग गया. मैंने इनको कुछ नहीं कहा. बस, गुड़ की रोटी बनाना बंद कर दिया. इनको जान से प्यारी थी. बोल दिया कि फट जाती है."

"फिर?"

"फिर क्या, सर. बिलकुल बेअसर. बत्तीस बरस आदमी गुड़ बदलता रहा."

पंतांची मान वर आली. डॉ. व्यासांना पाणी मागवावं लागलं. त्यांनी उत्तरपत्रिकेवर काय आकडा टाकला ते दिसलं नाही, पण तो टाकताना पेन दोनदा थरथरलं.

दोघं स्कूटरवर घरी निघाले, देवास गेटचा चौक मागे पडला. मग पंतांना राहवेना.

"म्हणजे कराडचा गूळ चांगला होता?"

"उत्तम होता."

"आणि कोल्हापूरचा?"

"त्याचे लाडू केले होते मी. तुम्हीच संपवलेत."

"आणि ती वऱ्हाडाबरोबरची ढेप? बसच्या टपावरून आणली होती गं. ऊन केवढं होतं."

"माहीत आहे," मंगलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने मागून पुन्हा आवाज आला, पण तो वेगळा होता. "मला वाटत होतं तुम्ही विसरलात आणि लाजेने खोटं बोललात. मी विसरण्याची शिक्षा देऊन राहिले होते. मुद्दाम केलंत हे आज कळलं."

"मग त्याची शिक्षा?"

"सांगते विचार करून."

तीन दिवस त्यांनी विचार केला. त्या तीन दिवसांत दूध एकदा उतू गेलं, पंतांची गोळी घ्यायची राहिली, आणि आतून एकही शब्द आला नाही. युक्तिकरण नाही, दमन नाही. इतकं सुनं घर पंतांनी कधी पाहिलं नव्हतं. कुत्रा म्हणाली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटायला लागलं.

भोगीच्या सकाळी त्यांच्या ताटात भाकरीऐवजी एक कागद होता. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म, जो पहिल्याच्या निकालाची वाट न पाहता भरून घेतात, ऑनलाइन भरून छापलेला, फोटो डकवलेला.

"ही प्रत खिडकीवर द्यावी लागते," मंगलाबाई म्हणाल्या. "आजची शेवटची तारीख आहे. मी मुद्दामच आजपर्यंत ठेवला."

पंत उपाशी निघाले. फॉर्म डिक्कीत ठेवला नाही, शर्टाच्या आत बनियनला चिकटवून नेला. खिडकीवर ही एवढी रांग होती. पंतांना आयुष्यात कोणती रांग पाहून इतका आनंद झाला नव्हता. एका मुलीने त्यांना म्हटलं, "अंकल, आप आगे आ जाइए," तर ते इतक्या घाईने "नहीं, नहीं" म्हणाले की ती दचकली. अडीच तासांनी शिक्का मारलेली पावती घेऊन ते घरी आले आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी बायकोच्या पुढे धरली. मंगलाबाईंनी शिक्का उजेडात धरून तपासला आणि पावती देवघरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. कुकर लावलेला नव्हता, शिट्टी झाली नव्हती, तरी भाजलेल्या तिळाचा वास आला आणि पंत आपोआप टेबलाशी येऊन बसले. मंगलाबाई पोळपाटावर वाकल्या होत्या. पहिली पोळी तव्यावर पडली, फुगली आणि मधोमध फुटून सगळा गूळ तव्यावर आला. दुसरीही फुटली. तिसरी उलटतानाच गेली. मंगलाबाई उलथनं हातात धरून तव्याकडे पाहत राहिल्या.

"गूळच..." पंतांनी सुरुवात केली.

"गूळ चांगला आहे. माझा हात गेला." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "विलोपन म्हणतात याला. बत्तीस वर्षं केलं नाही की जातं."

पंतांनी उठून फुटलेल्या तिन्ही पोळ्या आपल्या ताटात घेतल्या, जळका गूळ बोटाने खरवडला आणि वर तूप ओतून खायला लागले. ते खाता खाता रडत होते की तोंड भाजत होतं, हे त्यांनाही नीट कळलं नाही. मंगलाबाईंनी चौथी लाटली, कडेला जरा जाड ठेवली. ती फुगली आणि अख्खी निघाली.

"स्वतः पुनःप्राप्ती," पंत तोंडात घास असताना म्हणाले.

मंगलाबाईंनी वळून पाहिलं. "हे तुम्हाला काय ठाऊक?"

"गेलेली सवय मध्ये खंड पडला तरी आपली आपण परत येते, ती. पाठांतर करताना तू घरभर ओरडत फिरायचीस." पंतांनी ताट पुढे केलं. "शिक्षा चालू आहे ना माझी. थोडं कळणारच."

मंगलाबाईंनी अख्खी पोळी त्यांच्या ताटात वाढली आणि वर तुपाची धार धरली.

"चालू राहील," त्या म्हणाल्या.